दिवाणखान्यातील टीव्ही आणि दहावीचे वर्ष : एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

हे प्रकरण मध्य मुंबईत, लालबाग-परळ भागात राहणाऱ्या पाच जणांच्या एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही किरकोळ तपशील बदललेले आहेत. माणसांचा उल्लेख घरातल्या नात्यांनीच केला आहे. घरात एकाहत्तर वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून, दहावीतली नात आणि तिसरीतला नातू राहतात. मुलगा खासगी कंपनीत वसुली विभागात काम करतो आणि रात्री नऊच्या सुमारास घरी येतो. सून एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते आणि साडेसहापर्यंत परतते.

दहावीच्या सहामाही परीक्षेत मुलीचे गुण घसरले, तेव्हा आई शाळेतील समुपदेशन कक्षात आल्या. त्यांची तक्रार एका वाक्यात मावणारी होती: सासूबाईंना टीव्हीचे व्यसन लागले आहे आणि त्यामुळे मुलीचा अभ्यास होत नाही. पुढे तपशील गोळा होत गेले तेव्हा या वाक्यातले व्यसनही गळून पडले आणि अभ्यास न होण्याचे कारणही निराळे निघाले. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर नोंदवून ठेवावेसे वाटले.

पार्श्वभूमी

कुटुंब पूर्वी याच भागातील एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत राहत होते. आजोबा गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली आणि पुढची सगळी वर्षे त्यांनी सुरक्षारक्षकाचे काम केले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आजी त्यानंतर काही वर्षांनी लग्न होऊन मुंबईत आल्या, तेव्हा त्यांच्या मजल्यावर एकाच घरात टीव्ही होता आणि सुट्टीच्या दिवशी चित्रपट लागला की निम्मा मजला त्या खोलीत व उरलेला निम्मा बाहेरच्या गॅलरीत बसत असे. पुढे घरोघरी टीव्ही आले, तरी एकत्र बसून पाहण्याची सवय मोडली नाही. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाल्यानंतर संध्याकाळच्या मराठी मालिकांचा जो रोजचा क्रम लागला, तो आजींनी शेजारच्या दोघी-तिघींबरोबर, भाजी निवडत, दार सताड उघडे ठेवून पाहिला. एखादे वाक्य निसटले तर "काय म्हणाली गं ती?" असे विचारायचे आणि शेजारणीने सांगायचे, हा त्या पाहण्याचाच भाग होता. या प्रश्नोत्तरांचे महत्त्व पुढे कळले.

दोन वर्षांपूर्वी पुनर्विकासानंतर नव्या इमारतीत जागेचा ताबा मिळाला. जागा साधारण तीनशे चौरस फुटांची आहे: दिवाणखाना, त्याला लागून स्वयंपाकघर आणि आत एक छोटी खोली. स्वच्छतागृह घरात आले, पाणी चोवीस तास आले, आणि दार बंद झाले. जुन्या शेजारणी वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरल्या. आजोबांचे निधन जागा बदलण्याच्या आधीच झाले होते. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा एवढा वेळ आजी घरात जवळजवळ एकट्या असतात. नातू दुपारी शाळेतून येतो, जेवतो आणि शिकवणीला जातो.

नव्या घराबरोबर नवा टीव्हीही आला. जुना टीव्ही खोक्याच्या आकाराचा होता. त्याच्या जागी भिंतीवर टांगायचा त्रेचाळीस इंची सपाट पडदा आला. बिल्डरने टीव्हीचा विजेचा आणि केबलचा पॉइंट ज्या भिंतीवर दिला होता, तिथेच तो बसवला गेला. त्या भिंतीच्या पलीकडे आतली खोली आहे आणि मुलीचे अभ्यासाचे टेबल नेमके त्याच भिंतीला टेकलेले होते. ही गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही बराच काळ कोणाच्या लक्षात आली नाही.

तक्रार आणि पहिला उपाय

आईंच्या सांगण्यानुसार टीव्ही संध्याकाळी सातला लागतो आणि साडेदहापर्यंत चालतो. आवाज इतका असतो की लिफ्टपाशी उभे राहिले तरी कोणती मालिका चालू आहे ते कळावे. मुलगी क्लासहून आठला येते, जेवते आणि साडेआठपासून अभ्यासाला बसण्याचा प्रयत्न करते. आवाज कमी करायला सांगितले की आजी कमी करतात, पण दहा मिनिटांत तो पुन्हा वाढलेला असतो. यावरून रोज कुरबुर होत असे, आणि सहामाहीच्या आधी मुलीने पुस्तके घेऊन जिन्यात बसायला सुरुवात केली, तेव्हा वडिलांनी केबलचे रिचार्ज करणे थांबवले.

तीन आठवडे घरात टीव्ही बंद होता. त्या काळात काय झाले, याचे घरातल्या प्रत्येकाने वेगळे वर्णन केले, मात्र काही गोष्टी सर्वांच्या बोलण्यात समान होत्या. आजी पहिले दोन दिवस काही बोलल्या नाहीत, नंतर डोंबिवलीला आपल्या मुलीकडे, म्हणजे नातवंडांच्या आत्याकडे, निघून गेल्या. नातवाने वडिलांचा मोबाइल हातात घेतला आणि त्याचे रात्रीचे जेवण मोबाइलसमोर होऊ लागले. वडील स्वतः रात्रीच्या बातम्या आणि क्रिकेट मोबाइलवर पाहू लागले. मुलीला शांतता मिळाली, पण आजी आपल्यामुळे घर सोडून गेल्या ही बोच तिला त्या शांततेत बसू देईना. "माझ्यामुळे आजी गेली, असं आत्या फोनवर म्हणाली," हे तिने पहिल्याच भेटीत सांगितले. सहामाहीचे गुण घसरले ते याच तीन आठवड्यांत.

रिचार्ज थांबवणे कठोर होते, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली होती. माझ्या मते त्या उपायाचा मोठा दोष दुसराच होता. टीव्ही पूर्ण बंद झाल्यामुळे नेमका त्रास कशाचा होतो, किती वाजता होतो आणि कोणाला होतो, हे तपासण्याची सोयच उरली नाही. आजी परत आल्या, रिचार्ज झाले आणि पहिल्याच संध्याकाळी सगळे पूर्वीसारखे सुरू झाले. त्यानंतर आई शाळेत आल्या.

आठवड्याची वही

वेळापत्रक ठरवून द्यावे, अशी वडिलांची अपेक्षा होती. ती तूर्त बाजूला ठेवून कुटुंबाला एक वही लिहायला सांगितली. टीव्ही लागल्यापासून बंद होईपर्यंत दर अर्ध्या तासाला चार गोष्टी लिहायच्या होत्या: काय चालू आहे, खोलीत कोण आहे, त्यांपैकी प्रत्यक्ष पाहत कोण आहे, आणि आवाजाचा आकडा किती आहे. दुपारच्या नोंदी आजींनी तोंडी सांगायच्या आणि संध्याकाळी नातवाने लिहायच्या, असे ठरले. नातवाने हे काम इतक्या काटेकोरपणे केले की एका रकान्यात "बाबा पाहत नाहीत, झोपले आहेत" अशीही नोंद सापडते.

वहीतून पहिली गोष्ट कळली ती आईंबद्दल. "मी टीव्ही बघतच नाही," असे त्यांनी सांगितले होते, आणि ते शब्दशः खरे होते. त्या वेळात त्या ओट्यापाशी उभ्या असतात. पण सातपासून नऊपर्यंतच्या सगळ्या मालिकांची कथानके त्यांना पाठ होती, कारण त्या स्वयंपाक करताना ऐकत होत्या. टीव्ही बंद असलेल्या तीन आठवड्यांत पोळ्या लाटण्याचा कंटाळा येत होता, हे त्यांनी वही वाचताना हसत कबूल केले. घरात टीव्ही किती तास पाहिला जातो, हा प्रश्न विचारला की पाहणारे आणि ऐकणारे एकाच हिशेबात धरले जातात किंवा ऐकणारे अजिबात धरलेच जात नाहीत. या घरात टीव्ही पाहणारी माणसे फार तर दोन होती आणि ऐकणारी पाच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. आजींचे दिवसाचे पाहणे जवळजवळ सात तासांचे निघाले. आकडा पाहून वडील म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?" पण नोंदी ओळीने वाचल्या तेव्हा असे दिसले की दुपारचे तीन तास त्या आदल्या संध्याकाळी पाहिलेल्याच मालिकांचे तेच भाग पुन्हा पाहत होत्या. मराठी वाहिन्या संध्याकाळचे भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात, त्यामुळे तशी सोय असतेच. प्रश्न होता तो एकच भाग दोनदा पाहण्याचा. मालिकांची गती पाहता तीन भाग चुकले तरी कथानक फारसे पुढे सरकलेले नसते, मग पाहिलेलाच भाग पुन्हा कशासाठी? आणि वहीतच आणखी एक विसंगती होती: संध्याकाळी आवाजाचा आकडा ३८ ते ४२ च्या दरम्यान होता, तर दुपारी तोच आकडा २६ होता.

आजींना हे विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "दुपारी कळतं. संध्याकाळी ऐकू येतं, पण कळत नाही."

अडचण नेमकी कोणती

वाढत्या वयात ऐकू कमी येऊ लागते तेव्हा सर्व आवाज सारखेच मंद होत नाहीत. बहुधा आधी वरच्या पट्टीतले, म्हणजे उच्च वारंवारतेचे आवाज ऐकू येईनासे होतात. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ, त यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत आणि मुळातच हलकी असतात, ती निसटतात. म्हणून कोणी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते ते कळत नाही. आवाज वाढवला की स्वर आणि पार्श्वसंगीत आणखी मोठे होतात आणि व्यंजने त्याखाली दबलेलीच राहतात. त्यात संध्याकाळी कुकरची शिट्टी, मिक्सर, नातवाचे पाढे आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न असतात. दुपारी यातले फारसे काही नसते. आजी एकच भाग दोनदा पाहत होत्या, कारण पहिल्यांदा त्यांना तो अर्धाच मिळत होता.

हा त्रास नवा नव्हता, नव्या घरात तो उघडा पडला. चाळीत निसटलेले वाक्य सांगायला शेजारीण होती. नव्या घरात तसे कोणी नव्हते, म्हणून आवाज वाढवणे एवढाच मार्ग उरला. त्यात टीव्हीही बदललेला होता. जुन्या खोका टीव्हीचे स्पीकर पडद्याच्या बाजूला, पाहणाऱ्याकडे तोंड करून असत. सपाट टीव्हीत त्यांना पुढे जागा नसते. ते खाली किंवा मागे असतात आणि आवाज भिंतीवर आपटून खोलीत येतो. गुळगुळीत फरशा, उघड्या भिंती आणि बंद सरकत्या काचा असलेल्या दिवाणखान्यात तो घुमतो आणि शब्द आणखी पुसट होतात. जाहिरातींचा आवाज तर असा दाबून समपातळीत आणलेला असतो की त्याच आकड्यावर त्या मालिकेपेक्षा मोठ्या वाटतात, आणि नियमाने तासाला बारा मिनिटांपर्यंत त्यांना मुभा आहे. मालिकेतली कुजबुज कळावी म्हणून वाढवलेला आवाज जाहिरात लागल्यावर मुलीच्या टेबलापर्यंत कसा पोहोचत असेल, याची कल्पना भिंतीला हात लावून पाहिल्यावर आली. खालच्या पट्टीचा थरथराट तळव्याला जाणवत होता.

मुलीशी स्वतंत्रपणे बोलल्यावर तिनेही हेच वेगळ्या शब्दांत सांगितले. मालिकेतले संवाद तिला त्रास देत नव्हते. मध्येच उसळणारे शीर्षकगीत, धक्का बसल्याचे दाखवणारे संगीत आणि जाहिराती यांमुळे तिचे चित्त विचलित होत होते. शिवाय साडेआठच्या आधी ती घरात अभ्यासाला बसतच नव्हती. सात ते साडेआठचे सगळे भांडण तिच्या नावाने होत होते, पण त्या वेळी ती क्लासला तरी असे किंवा जेवत तरी असे.

विचारात घेतलेले पर्याय

केबल परीक्षेपर्यंत बंद ठेवणे हा पर्याय वडिलांच्या मनात अजून होता. त्याचा एक सौम्य प्रकारही त्यांनी सुचवला. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नव्या दरपद्धतीनुसार ग्राहकाने हव्या त्या वाहिन्या निवडून त्यांचेच पैसे द्यायचे असतात. तेव्हा मराठी मनोरंजन वाहिन्या वगळाव्यात, बातम्या व दूरदर्शन सह्याद्री ठेवावी, म्हणजे टीव्ही बंद केला असे होणार नाही. हिशेबाला हे ठीक होते, पण वगळायच्या सगळ्या वाहिन्या आजींच्या आणि राहणाऱ्या वडिलांच्या होत्या. आईंनीच ते निदर्शनास आणले आणि विषय तिथे संपला.

आतल्या खोलीत दुसरा टीव्ही लावण्याचा विचार आत्याने सुचवला होता. त्यासाठी दुसरा सेट-टॉप बॉक्स आणि वेगळी वर्गणी लागली असती. पण खरी अडचण जागेची होती. आतली खोली हीच अभ्यासाची, हीच आजी व नातीची झोपायची. आजी आत टीव्ही पाहणार तर मुलगी बाहेर, जिथे वडील नऊनंतर बातम्या लावतात. तीनशे चौरस फुटांत टीव्हीची जागा बदलली की माणसांची जागा बदलते. दुसरा टीव्ही आणून भांडणाची खोली तेवढी बदलली असती.

अभ्यासिकेचा पर्याय सर्वांना सोपा वाटत होता. या भागात गणेशोत्सव मंडळांनी आणि सामाजिक संस्थांनी चालवलेल्या अभ्यासिका आहेत आणि घरात जागा नसलेल्या पिढ्यांनी तिथे बसून परीक्षा दिल्या आहेत. मात्र मुलगी क्लासहून आठला येते. जेवून पुन्हा बाहेर पडायचे आणि रात्री परतायचे, याला आई तयार नव्हत्या आणि खरे तर मुलगीही नव्हती. रविवारी आणि पूर्वपरीक्षेच्या सुट्टीत दिवसा अभ्यासिकेत जायचे, एवढे मात्र तिने स्वतः ठरवले.

आजींना मोबाइलवर मालिका पाहू द्याव्यात, असेही पुढे आले. ॲपवर सोय असते, इअरफोन लावता येतो. पण लहान पडद्यावर ओठांची हालचाल दिसत नाही, आणि कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो. हेडफोनचा विचार याच ओघात निघाला, तेव्हा एक तांत्रिक बाब तपासावी लागली. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो. चित्रातले ओठ आणि कानातले शब्द जुळले नाहीत तर आजींचा उरलासुरला आधारही जातो. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात वायर लावली तर त्या टीव्हीचे स्पीकर बंद होतात आणि ओट्याजवळच्या आईंना काहीच ऐकू येत नाही. सेट-टॉप बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या भोकांतून वेगळा आवाज घेतला, तर टीव्हीचा आवाज कमी ठेवून हेडफोनचा स्वतंत्रपणे वाढवता येतो. हा मार्ग शक्य होता.

कानाची तपासणी हा पर्याय सर्वांत शेवटी मांडला गेला, कारण त्याला आजींचा विरोध होता. "मला बहिरी ठरवू नका," असे त्या म्हणाल्या. या वाक्यापाशी प्रकरण जवळजवळ थांबले होते. त्यांना समजावण्याचे काम वडिलांनी करावे असे सर्वांना वाटत होते, पण ते काम नातीने केले. आजी परत आल्यापासून दोघी एकमेकींशी जपून बोलत होत्या, तो अवघडपणाही त्यामुळे कमी झाला. तिने आजींना एवढेच विचारले की दुपारी कळते तसे संध्याकाळीही कळले तर दुपारी काय कराल. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "खालच्या मंदिरात जाईन. तिथे सगळ्याजणी येतात म्हणे."

प्रत्यक्षात काय केले

पहिले काम भिंतीचे होते, कारण त्याला कोणाच्या संमतीची गरज नव्हती. टीव्ही आतल्या खोलीच्या भिंतीवरून काढून समोरच्या, मुख्य दाराच्या भिंतीवर नेला. इलेक्ट्रिशियनने पट्टीतून वायर फिरवली, केबलवाल्याने त्याची वायर वाढवून दिली, सोफा-कम-बेड उलटा झाला. दुपारी खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो, म्हणून जाड पडदा लावावा लागला. मुलीचे टेबलही खिडकीकडे सरकवले. टीव्हीच्या ध्वनी-मांडणीत बोलणे स्पष्ट करणारा पर्याय निवडला. त्याने पार्श्वसंगीत काहीसे मागे जाते. एवढ्याने आवाजाचा आकडा ३० च्या आसपास आला.

त्याच आठवड्यात आजी आणि आई महापालिकेच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात गेल्या. केसपेपर काढून, रांगेत बसून आधी कानातला मळ काढला गेला आणि मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची क्षमता मोजणारी तपासणी, झाली. दोन्ही कानांत वयानुसार होणारे, वरच्या पट्टीत अधिक असलेले, सौम्य ते मध्यम श्रवणदोष असल्याचे निदान झाले. दोन्ही कानांना श्रवणयंत्र वापरण्याचा सल्ला मिळाला. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही तपासणी व श्रवणयंत्राची सोय आहे, पण आजींना परळच सोयीचे होते. खर्चामुळे तूर्त एकाच कानाचे यंत्र घेतले.

मालिकांबाबतचा निर्णय आजींवर सोपवला, आणि इथे वडिलांना आग्रहाने गप्प बसवावे लागले. सात ते साडेदहा या वेळेतल्या सात मालिकांपैकी साडेआठनंतर कोणत्या राहाव्यात, हे त्यांनी सांगायचे होते. त्यांनी विचार न करता एकच नाव घेतले. "बाकीच्या लागतात म्हणून लागतात. मधल्या दोन मला आवडतही नाहीत, पण बंद कोण करणार?" घरात टीव्ही लावण्याचा अधिकार कोणाचा यावर भांडणे होतात, तो बंद करण्याचे काम मात्र कोणाकडेच दिलेले नव्हते. ते नातवाकडे दिले. साडेआठची आवडती मालिका संपली की नऊला त्याने टीव्ही बंद करायचा आणि बाबा आले की त्यांच्या हातात रिमोट द्यायचा नाही, असे ठरले. नऊ ते साडेदहा टीव्ही बंद आणि जेवण त्याच वेळात. उरलेले भाग आजी दुसऱ्या दिवशी दुपारी, एकदाच पाहतील.

परिणाम

श्रवणयंत्राची सवय लगेच झाली नाही. पहिले काही दिवस आजींना स्वतःच्या बांगड्यांचा आणि नळाच्या पाण्याचा आवाज असह्य वाटला आणि यंत्र डबीत राहिले. दुसऱ्यांदा जाऊन ते नीट जुळवून घेतल्यावर त्या संध्याकाळी दोन-तीन तास आणि फोनवर बोलताना ते वापरू लागल्या. दिवसभर त्या ते लावत नाहीत. हेडफोनची गरज पडली नाही. टीव्हीचा आकडा पूर्वपरीक्षेच्या सुमारास २० ते २२ वर स्थिरावला होता.

आठव्या मजल्यावरची चाळीतली शेजारीण सात ते आठ या वेळात येऊ लागली. हे कोणी ठरवले नव्हते. सुनेला भाजी निवडून मिळू लागली. दुपारी मंदिरात जाणे काही दिवस झाले आणि थंडीत बंद पडले. जेवताना टीव्ही नसल्यामुळे पहिल्या आठवड्यात घरात विलक्षण अवघडलेपण होते, असे आईंनी सांगितले. काय बोलायचे ते कोणालाच सुचत नव्हते.

मुलीचा दहावीचा निकाल तिच्या नववीपर्यंतच्या गुणांना साजेसा लागला. त्याचे श्रेय या उपायांना देता येणार नाही. ती जिन्यात बसायची थांबली, एवढे नक्की सांगता येते.

नऊनंतरचा नियम वडिलांच्या बाबतीत पूर्ण पाळला गेला नाही. रात्री लागणाऱ्या चर्चेच्या कार्यक्रमांत चार-सहा जण एकाच वेळी बोलतात, आणि आजींच्या मालिकांचा आवाज उतरल्यानंतर घरातला सर्वांत मोठा आवाज तोच ठरला. आजींनी हे वडिलांना सांगितले, आणि सून व नात त्या वेळी हसू दाबून बसल्या होत्या.

वेगळे काय करता आले असते

आवाज सतत वाढवणे, फोन नेहमी स्पीकरवर ठेवणे, दाराची घंटा न ऐकणे आणि समोरच्याला वाक्य पुन्हा बोलायला लावणे ही चारही लक्षणे या घरात दोन वर्षांपासून होती. त्यांतील पहिले भांडणाचा विषय झाले म्हणून उरलेल्या तिन्हींकडे कोणी पाहिले नाही. वृद्ध माणसाच्या टीव्हीविषयीची तक्रार आली की आधी कानांची तपासणी आणि मग सवयींची चर्चा, हा क्रम असता तर डोंबिवलीला जाण्याचा प्रसंग टळला असता.

मुलीचे म्हणणे उशिरा विचारले गेले. वडिलांनी रिचार्ज थांबवण्यापूर्वी तिला एकदा विचारले असते, तर सात ते साडेआठ हा वेळ वादातून आपोआप वगळला गेला असता आणि उरलेल्या दोन तासांची तडजोड कदाचित घरच्या घरीच झाली असती. ताबा मिळतेवेळी टीव्हीचा पॉइंट कोणत्या भिंतीवर आहे आणि पलीकडे काय येणार आहे, हे पाहणेही शक्य होते. त्याच इमारतीतल्या इतर घरांत तीच रचना आहे, आणि तिथेही टेबल त्याच भिंतीला टेकलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

सर्वांत अपुरे राहिले ते नातवाचे. टीव्ही बंद असलेल्या तीन आठवड्यांत त्याच्या हाती आलेला मोबाइल टीव्ही सुरू झाल्यावर परत गेला नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला दोन तासांपेक्षा कमी असावा, आणि त्यात मोबाइलही मोजायचा असतो. वहीत रकाने फक्त टीव्हीचे होते, त्यामुळे मोबाइलवरचा वेळ कोणत्याच हिशेबात आला नाही. आवाज नसलेला पडदा कोणाला खटकत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मोबाइलचा रकाना घालून वही पुन्हा लिहायची, असे कुटुंबाने ठरवले आहे. या वेळी ती वडिलांनी लिहावी, अशी अट आजींनी घातली आहे.